कोऱ्या सोडलेल्या दोन ओळी

"नाव?" टेबलामागच्या कारकुनाने विचारले.

"कर्नल व्हॉर्टन!" ग्विलिमने खणखणीत आवाजात सांगितले.

शाळेची खोली हसण्याने दणाणली. "अरे बाबा, तुझं नाव सांग, तुझं!" कारकून डोळे पुसत म्हणाला. "मत कुणाला ते आता विचारत नाहीत. गुप्त असतं ते."

ग्विलिमला का हे ठाऊक नव्हते? पण याआधी तो मत द्यायला एकदाच उभा राहिला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि तेव्हा उमेदवाराचे नाव सगळ्यांदेखत मोठ्याने सांगावे लागे. उमेदवार कर्नल हाच त्याच्या शेताचा मालक, आणि त्याचा कारभारी समोरच बसलेला. ग्विलिमने मालकाचे नाव घेतले आणि खंडाने कसलेले शेत राखले. त्याच्यामागे उभ्या असलेल्या मेहुण्याने, इद्वलने, दुसरे नाव घेतले. पुढच्या वसंतात कर्नलने त्याचे शेत काढून घेतले, इद्वलचे बिऱ्हाड गाडीवर चढले आणि अमेरिकेच्या वाटेला लागले. गाडी दारावरून गेली तेव्हा ग्विलिम गोठ्यात दडून बसला होता. बायकोला, लौरीला, त्याने सांगितले, मेंढ्यांमागे डोंगरावर होतो.

लौरीने भावावरून त्याला कधी धारेवर धरले नाही. तिने फक्त चुलीवरच्या भिंतीला पंतप्रधान ग्लॅडस्टनचे वर्तमानपत्रातले चित्र चिकटवले. "एवढा मोठा माणूस, पण घरी आला की कुऱ्हाड घेऊन झाडं तोडतो," ती कौतुकाने सांगे. "तरुणपणी तोसुद्धा संसदेत जमीनदारांच्याच बाकावर बसायचा. बदलला ना? आणि हे गुप्त मतदान त्याच्याच सरकारनं आणलं. तुझ्यासारख्यांसाठी." आज सकाळी तिने इद्वलला पत्र लिहिले आणि मध्ये दोन ओळी कोऱ्या सोडल्या. "परत आलास की भरते," एवढेच म्हणाली.

फळ्यांच्या आडोशाला ग्विलिमचे कान अजून तापलेले होते. त्याने दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली आणि कर्नलविरुद्ध उभ्या असलेल्या पॅरीच्या नावापुढे ठसठशीत फुली मारली. फुली सरळ आली. त्याचे मन एकदम हलके झाले.

बाहेर ट्युडर लोहार वाटच पाहत होता. "काय रे ग्विलिम, कर्नलसाहेबांना ऐकू गेलं का वाड्यावर? की आणखी एकदा ओरडतोस?"

तो घरी पोचायच्या आत ती गोष्ट घरी पोचली होती. लौरी ओटच्या भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"अगं, सवयीनं तोंडातून गेलं," तो म्हणाला. "मत मी पॅरीलाच दिलं."

"कुणी पाहिलं?"

"कुणी बघायचंच नसतं! तोच तर कायदा आहे!"

त्याने परातीतल्या पिठात बोटाने फुली काढली. "ही बघ. अशी मारली."

लौरीने फुलीकडे पाहिले. "फुली सगळ्यांची सारखीच असते, ग्विलिम."

"बायबलवर हात ठेवू?"

"नको रे. कशाला बायबलला मध्ये घेतोस?" ती भांडली असती तर त्याला बरे वाटले असते. तो भ्याला तेव्हा साऱ्या गावाने ऐकले होते. आज नाही भ्याला, ते त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. आणि तिने विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवावा? त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

लौरीने हात पुसले आणि पत्र त्याच्यापुढे सरकवले. "मला ठाऊक नाही ते मी लिहिणार नाही. तूच लिही."

त्याने टाक दौतीत बुडवला. 'मी पॅरीला मत दिलं.' खरे होते, एका ओळीत मावणारे होते. पण हात चालेना. बऱ्याच वेळाने त्याने रविवारच्या शाळेत गिरवलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिले:

'तुमची गाडी गेली तेव्हा मी डोंगरावर नव्हतो. गोठ्यात होतो. फटीतून सगळं दिसत होतं. पोरं हात हलवत होती.'

दोन ओळी पुरल्या नाहीत. शेवटचे शब्द समासात गेले.

लौरीने वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग शाईवर हळूच फुंकर घातली आणि पत्राची घडी केली.

"जेवून घे," ती म्हणाली. "मग टपालात टाकून ये."