सात चकत्या आणि एक सैल भोक

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा मनोरा आहे. नाव भारदस्त असलं तरी उंची वीतभरच. एका पाटावर तीन खुंट्या, त्यांतल्या एकीत ओवलेल्या सात चकत्या, तळाला मोठी आणि माथ्याला धाकटी, एवढाच माझा पसारा. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा तिसऱ्या खुंटीवर न्यायचा. दिसायला पोरखेळ आहे, पण करून पाहा, घाम फुटेल.

कोल्हापुरात लेथ चालवणाऱ्या पिराजींनी मला भंगारातून घडवलं, ते लेक क्रांतीसाठी. कॉलेजातलं रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा प्रोग्राम, तिच्या डोक्यावरून जात होतं. त्या विषयात ती एकदा नापास झाली होती आणि पुन्हा झाली असती तर वर्ष वाया गेलं असतं. माझी धाकटी चकती करताना पिराजी कुस्तीच्या गप्पांत रंगले आणि तिचं भोक मोठं झालं. ती अजून खुंटीवर खुळखुळते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रांतीचा प्रोग्राम सारखा ठप्प होत होता. ती रडकुंडीला आली, तेव्हा पिराजी हात पुसत माझ्याजवळ बसले.

"सातांकडं बघूच नगंस. वरच्या सहा बाजूला गेल्या असं धर. मग तळातली हलती का न्हाय?"

"हलती की. पण सहा कशा जाणार, आबा?"

"तशाच. वरच्या पाच आधी बाजूला."

पाचांसाठी आधी चार, चारांसाठी आधी तीन असं करत दोघं धाकटीपाशी आली. प्रश्न तोच, फक्त दर खेपेला लहान होत गेलेला. मला मोठं नवल वाटलं.

"आणि हिच्यासाठी?" क्रांतीनं विचारलं.

"हिच्यावर कोण हाय? उचलायची नि ठेवायची. हितं थांबायचं." पिराजी जरा ओशाळले. "मीच थांबलो न्हाय त्या दिवशी. भोकात मापाचा गेज नीट बसला हुता, तरी कट मारत राहिलो."

क्रांती ताडकन उठली. तिच्या प्रोग्रामला कुणी थांब म्हटलंच नव्हतं. एकानंतर शून्य, शून्याखाली आणखी खाली, तो उतरतच चालला होता. तिनं थांबायची ती एक ओळ लिहिली. एकशे सत्तावीस चाली पडद्यावर आल्या. त्या बघून तिनं मला हलवलं आणि मी अचूक तिसऱ्या खुंटीवर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षा दिली आणि या खेपेला ती पास झाली.

पुढं बरीच वर्षं मी कपाटावर गंजत पडलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आता क्रांती जयसिंगपुरात हाच विषय शिकवते. परवा तिनं मला खाली काढलं, तेव्हा थकलेले पिराजी म्हणाले, "ती सैल चकती बदलून देतो."

"नको आबा. कुठं थांबायचं ते कळाया पोरांच्या हातात पयल्यांदा हीच देणार हाय मी."

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. माझा गंज पुसा, तेलाचं बोट लावा. पण ती खुळखुळणारी चकती मात्र आहे तशीच राहू द्या.