सिग्नेच्या घरचा भोंगा

गेल्या दोन महिन्यांत सिग्नेच्या घराला तीनदा आग लागली, असं तिच्या मुलीचं म्हणणं. मी शेजारी राहतो, माझं नाक शाबूत आहे, आणि मी सांगतो, एकदाही लागली नाही.

सिग्नेने ऐंशी ओलांडली आहे. तरी स्वतःच्या दारातला बर्फ ती स्वतः ओढते, मग माझ्याही दारातला ओढते, आणि वर मला चार शब्द ऐकवते. माझी बायको गेल्यापासून मला बोलणारं एवढं एकच माणूस उरलंय, आणि खरं सांगायचं तर तिची बोलणी खाल्ल्याशिवाय मला चैन पडत नाही.

उन्हाळ्यात तिची मुलगी मारेन मिनीॲपोलिसहून आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, छताला, धूर झाला की वाजणारा नवा भोंगा लावून गेली. तो इथे बोंबलला की तिकडे मारेनच्या मोबाइलवरही बोंबलतो. मारेन विमा कंपनीत आहे. तिला बर्फातही जाळ दिसतो.

आता नाताळ जवळ आला की आमच्याकडे, नॉर्वेहून आलेल्यांच्या या गावात, लेफ्से भाजायची. बटाट्याची, लोणी-साय घातलेली, पलीकडचं दिसेल इतकी पातळ पोळी. ती विजेच्या भल्या मोठ्या कोरड्या तव्यावर टाकायची, लांब चपट्या काठीने उलटायची. पोळीचं सुटं पीठ तव्यावर जळतं आणि धूर होतो. सिग्नेच्या आजीच्या वेळीही होत होता, फक्त तेव्हा छताला तोंड नव्हतं.

मग व्हायचं असं. भोंगा वाजला की मारेन फोन करायची. सिग्नेचे दोन्ही हात पिठात, आणि त्या ठणाण्यात फोन ऐकू येतोय कुणाला! मारेनचा जीव खालीवर. ती गावच्या अग्निशमनवाल्यांना कळवायची आणि त्यांचा डेल लाल गाडी घेऊन हजर व्हायचा. दारात आलेल्याला कॉफी न देता पाठवणं सिग्नेला जमायचं नाही. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं, ही इथली रीत. तेव्हा डेल आणि त्याची माणसं रीतसर दोनदा नको म्हणून लेफ्से खात बसायची, आणि बाहेर गाडीचे दिवे गरगर फिरत राहायचे. गावाला वाटायचं, म्हातारी गेली वाटतं.

मारेनने डेलला फोन करून विचारलं, "खरं सांग, कितपत वाईट होतं?"

डेल म्हणाला, "अं... याहून वाईट होऊ शकलं असतं."

डेल असाच बोलतो. आम्ही सगळेच असे बोलतो. मुलाचं लग्न झकास झालं तरी आम्ही "बरं झालं म्हणायचं" इतकंच म्हणणार. पण तीस वर्षं शहरात राहून मारेन ते विसरली होती. तिला वाटलं, आई थोडक्यात वाचली. तिने थेट शहरातल्या वृद्धांच्या संकुलात आईसाठी खोली बघितली.

"तिथे स्वयंपाक करावा लागत नाही म्हणे," सिग्ने मला म्हणाली.

"मग बरंच की."

"करावा लागत नाही म्हणजे करू देत नाहीत, ऑर्विल. इतकंही कळत नाही तुला?"

कळत होतं. रात्री मला घास गेला नाही.

शनिवारी चर्चचं जेवण होतं आणि मारेन शुक्रवारीच येऊन थडकली, आईला न्यायच्या बेताने. सिग्नेने चर्चला टोपलीभर लेफ्से कबूल केलेली. घरी भाजावी तर भोंगा वाजणार, आणि तोही मारेनच्या डोक्यावर. न भाजावी तर चर्चच्या बायकांना तोंड कसं दाखवायचं! शनिवारी सकाळी ती टॉवेलात तवा गुंडाळून माझ्या मागच्या दारात उभी राहिली.

"मारेनला सांगितलंय, तुझे पडदे शिवायला चालले."

"माझ्याकडे पडदेच नाहीत."

"म्हणूनच शिवायचेत. हो बाजूला."

मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं की माझा भोंगा आजवर कधी वाजलेला नाही.

"टोस्टच्या पुढे काही केलंयस का कधी? वाजेल कशाला?"

दहावी-अकरावी पोळी तव्यावर असेल. घर असं काही किंचाळलं की मी उडालोच. मी खुर्चीवर चढलो, झाडूने भोंग्याला बडवू लागलो. तो काही ऐकेना. स्वयंपाकघरात धूर, माझ्या डोक्यावर छताचं प्लास्टर पडलेलं, आणि तेवढ्यात मारेन बर्फातून नुसत्या मोज्यांवर धावत आत.

"आई! बाहेर हो आधी! मी गाडी बोलावलीय!"

सिग्नेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तव्याची पिन उपटली. पोळी काठीवर अलगद उचलून कापडावर ठेवली. मागचं दार सताड उघडलं. मग मला म्हणाली, "ऑर्विल, खाली उतर. कंबर मोडलीस तर तुझा बर्फ मी ओढणार नाही." माझ्या हातातून झाडू घेतला आणि दांड्याच्या टोकाने भोंग्याचं बटण हलकेच दाबलं. सगळं शांत झालं.

मारेन दारातच उभी होती, मोज्यांतून पाणी गळत. माझी काय शोभा झाली ती सोडा, पण आमच्या तिघांत शुद्धीवर कोण होतं, ते तिने बघितलं होतं.

लाल गाडी आली. डेल आत येऊन टोपी काढून उभा राहिला.

"डेल," मारेन म्हणाली, "मागच्या तिन्ही वेळी तुला आत काय सापडलं?"

"लेफ्से."

"तिन्ही वेळी?"

"दुसऱ्या वेळी बरोबर चीजही होतं." तो घुटमळला. "तिसऱ्या वेळी जरा जास्तच बसलो आम्ही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! म्हटलं, याहून वाईट होऊ शकलं असतं."

मारेन खुर्चीत बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की मला तिची लहानपणची वेणी आठवली. डेल दोनदा नको म्हणाला आणि बसला.

तो गेल्यावर मारेनने ओले मोजे काढून हीटरवर टाकले. "खोली नको म्हणून सोमवारी कळवते मी त्यांना," ती म्हणाली. मी उगीच प्लास्टर झाडत बसलो. मग तिने मोबाइल काढला. "आणि तुझ्या घरचा भोंगाही माझ्या फोनवरून काढून टाकते. उगाच तुझ्या डोक्याला ताप."

"राहू दे," सिग्ने म्हणाली.

"का गं? तूच तर वैतागली होतीस."

सिग्ने पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तो वाजला की तुझा फोन येतो."

लाटणं दोनदा पुढे-मागे फिरलं.

"रविवारी करत जाईन, आई," मारेन म्हणाली. "भोंगा वाजो, न वाजो. दर रविवारी."

"दुपारी कर," सिग्ने म्हणाली. "सकाळी मी चर्चला असते."