कान तुटलेला कप

टेकडीवरच्या शाळेच्या कार्यालयात दोन प्रकारचे कप होते. काही पांढरेशुभ्र, बशीसकट, कपाटाच्या काचेमागे पाहुण्यांची वाट पाहत बसलेले. आणि एक वेगळा, कान तुटलेला, ज्याला बशी कधी मिळालीच नव्हती. हा कप सहायकाचा. तो त्याला कुणी नेमून दिला नव्हता. भिंतीत ओल शिरावी तसा तो केव्हातरी त्याच्या हातात आला आणि तिथेच मुरला.

सहायक म्हणजे मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक. त्याच्या डोक्यावर आजवर जे जे मुख्य प्रशिक्षक आले ते सगळे बाहेरून आले, मानाने मिरवले आणि एक दिवस निरोपाचा हार गळ्यात घालून निघून गेले. मागे उरायचा तो, रिकामं मैदान, आणि त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा. साहित्याच्या खोलीची किल्ली, नेटच्या पेटीची, हवा भरायच्या पंपाच्या कपाटाची. आणि एक अशी, जिचं कुलूप आता जगात कुठेच नव्हतं, पण टाकून देववत नव्हती.

त्याची सारी विद्या त्या जुडग्यात होती. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मोठ्याने बोलायला गेलं की आवाज अर्ध्या वाटेत बसायचा. मग त्याने मुलींना किल्ल्यांची सवय लावली. जुडगा एकदा खुळखुळला की मागे सरायचं, दोनदा खुळखुळला की नेटशी यायचं. समोरच्या संघाला दिसायचा तो फक्त एक घाबरट माणूस, बाकावर बसून किल्ल्यांशी चाळा करणारा. मुली मात्र पाखरांच्या थव्यासारख्या एकाच वेळी वळायच्या. त्या वळण्यात त्याला जे मिळायचं, त्याला नाव देण्याचं धाडस त्याने कधी केलं नाही.

यंदा मुख्य प्रशिक्षकाची जागा पुन्हा रिकामी झाली आणि त्याने प्रथमच अर्ज केला. शाळेचे अध्यक्ष चकितच झाले.

“तुम्ही कशाला अर्ज केलात? तुम्ही तर आपलेच!”

“म्हणूनच केला, साहेब.”

“अहो, घरच्या माणसाची कुणी मुलाखत घेतं का? ओशाळल्यासारखं होतं हो आम्हाला. शिवाय संघाला आता बाहेरचं वारं हवंय. खिडक्या उघडायला हव्यात.”

“खिडक्या रोज मीच उघडतो. किल्ली माझ्याकडेच असते.”

“तेच तर म्हणतोय! तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्तपणे बाहेरचा माणूस आणू शकतो.” अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर मायेने थाप मारली. “चहा घेऊन जा.”

चहा आला. कपाला कान नव्हता. बोटं भाजत त्याने तो संपवला. आणि त्या मुली आपल्या म्हणून, उघडपणे, कधीच मिळणार नाहीत, ही जाणीव चहाबरोबर घशाखाली उतरली.

घरी आला तर बायको आधीच धुमसत होती. ती कालव्यापलीकडच्या शाळेत हेच काम करायची, सहायकाचंच. आवाज मात्र असा खणखणीत की कालव्याच्या अलीकडे ऐकू यावा.

“काय म्हणाले तुमचे अध्यक्ष?” तिने विचारलं.

“मी घरचा आहे म्हणाले.”

“मीही आमच्याकडच्या मुख्य जागेसाठी अर्ज केला, तर मुख्याध्यापिकाबाई तेच म्हणाल्या. ‘तुम्ही इथेच शिकून मोठ्या झालात, तुमची काय मुलाखत घ्यायची!’ वरून गालगुच्चा घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.”

खिडकीपाशी त्याची आई मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. “तुमचं लग्न ठरलं तेव्हा ही बाहेरचीच होती. काय ते कौतुक! पावडर कुठली लावते, हेसुद्धा विचारत होतास.”

“आई!”

“मी काही म्हटलं का? मटार सोलतेय.”

पण बायको गप्प झाली होती, आणि ती गप्प झाली की घरात काहीतरी शिजायला लागतं हे तो अनुभवाने शिकला होता. थोड्या वेळाने ती सावकाश म्हणाली, “अहो, तुमच्या शाळेला मी बाहेरची. आमच्या शाळेला तुम्ही बाहेरचे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? कपडे इस्त्री करून ठेवा.”

कालव्यापलीकडच्या शाळेत मुलाखतीला त्याला बशीसकट चहा मिळाला. बशीच्या काठावर दोन बिस्किटं. त्याने तेच सांगितलं जे तो टेकडीवर वर्षानुवर्षं सांगत आला होता: मुलींना आधी चेंडू मारायला नव्हे, नीट उभं राहायला शिकवायला हवं. टेकडीवर या वाक्याला जांभया मिळायच्या. इथे मुख्याध्यापिकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

“किती वेगळा विचार!” त्या शेजारी बसलेल्या सदस्याला म्हणाल्या. “आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नसतं.”

आपल्या बायकोने हेच वाक्य या खोलीत कितीदा म्हटलं असेल, हे त्याला ठाऊक होतं. तो बिस्किट चावत राहिला.

टेकडीवर बायकोचंही सोनं झालं. अध्यक्षांनी तिला विचारलं, “आमच्या सहायकांना ओळखता का? सोडून चाललेत म्हणे.”

“येता-जाता दिसतात,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्याच्या घरी कोण असतं हे अध्यक्षांनी कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला वेगळं घर असू शकतं, ही कल्पनाच त्यांना शिवली नव्हती.

शाळेने त्याला जुडगा नव्या प्रशिक्षकांच्या हवाली करायला सांगितलं. त्याने तो जेवणाच्या टेबलावरून बायकोकडे सरकवला. तळहात एकाएकी हलका झाला. जखमेवरची पट्टी काढल्यावर कातडी जशी पांढरी आणि परकी दिसते, तसा.

नव्या शाळेत सगळे त्याचं ऐकत होते. तो बोलायला लागला की शांतता पसरायची, आणि त्या शांततेत त्याला टेकडीवरच्या मैदानातला वारा ऐकू यायचा. नव्या मुली गुणी होत्या, पण त्याच्या नव्हत्या. संध्याकाळी तो बायकोला आडून आडून विचारायचा.

“शेंडी अजून नेटच्या फार पुढे जाते का?” शेंडी म्हणजे त्याच्या जुन्या संघाची कर्णधार; डोक्यावर कारंज्यासारखी उंच वेणी बांधायची.

“जाते. ओरडून ओरडून घसा बसला माझा.”

“तिला ओरडून चालत नाही गं.”

“मग काय, आरती ओवाळू?”

दोन्ही शाळांचा वार्षिक सामना जवळ आला तशी मुख्याध्यापिकांनी त्याला बोलावून घेतलं. त्या दार लावून, आवाज खाली आणून बोलल्या. “तुमच्या जुन्या मुली म्हणे किल्ल्यांच्या आवाजावर हलतात. आमच्या किल्ल्याही बऱ्या वाजतात हो! नको तेव्हा जरा खुळखुळल्या तर… मी आपलं सहज म्हटलं.”

त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली.

“शाळेच्या किल्ल्या घरी ठेवून यायचं,” ती म्हणाली.

“ठेवतो.”

“माझी शपथ?”

“तुझी शपथ.”

आणि त्याने शब्द पाळला. शाळेच्या किल्ल्या त्याने फडताळात ठेवल्या. पण आईलाही सामना बघायचा होता. बायको संघाबरोबर आधीच गेलेली. तेव्हा घराला कुलूप लावून घरच्या किल्ल्या खिशात टाकण्याचं काम त्याच्याकडेच आलं. या किल्ल्यांचा विचार शपथ घेणाऱ्याने केला नव्हता, आणि घ्यायला लावणारीनेही.

सामना शेवटच्या सेटपर्यंत रखडत, धापा टाकत आला. टेकडीच्या संघाला एकच गुण हवा होता. तो हुकला तर पारडं फिरलं असतं. त्याच्या नव्या संघातली उंच मुलगी स्मॅशसाठी हवेत उडाली, आणि त्याला दिसलं की पलीकडे शेंडी पुन्हा नेटच्या फार पुढे आलीय. चेंडू तिच्या मागे, मोकळ्या जागेत पडणार होता. बाकावर बसलेल्या माणसाला हे सगळं दिसत होतं, आणि त्याला फक्त गप्प बसायचं होतं.

हात खिशात गेला.

खुळ्ळ. एकदाच.

शेंडी मागे सरली. तिने वळून पाहिलं नाही, विचार केला नाही. झोपेत कुणी हाक मारल्यावर कूस बदलावी तशी ती मागे गेली. चेंडू तिच्या मनगटांवर आदळला, उंच उडाला, नेट ओलांडून अलगद त्याच्या नव्या संघाच्या मधोमध उतरला. टेकडीच्या बाजूला एकच गिल्ला झाला.

तो मान खाली घालून बसला. आता आपली धडगत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. मुख्याध्यापिका तरातरा येताना दिसल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

“ऐकला मी आवाज,” त्या म्हणाल्या. “तुम्ही प्रयत्न केलात. त्या पोरीचं नशीब म्हणून ती नेमकी चेंडूखाली गेली! पण निष्ठा म्हणतात ती हीच. आजपासून तुम्ही खरोखर आमचे झालात.”

त्यांनी त्याला कार्यालयात नेलं. चहा आला. बशी नव्हती. त्याने कप हातात घेतला, फिरवला, आणि जिथे कान असायला हवा तिथे दोन खडबडीत टोकं बोटाला लागली.

“पुढच्या मोसमासाठी मात्र,” मुख्याध्यापिका समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, “बाहेरचं कुणी बघावं म्हणतोय. तुम्ही काय, आहातच.”

घरी बायको पायरीवर बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“तुला काय झालं? तू तर जिंकलीस.”

“जिंकले म्हणूनच! अध्यक्ष भाषणात म्हणाले, ‘या आता आपल्याच.’ संघ मोठा झाला ना, त्याला आता मोठा माणूस हवाय म्हणे. बाहेरचा.” तिने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, “शेंडी माझ्या कानात सांगून गेली. ‘ताई, सरांच्या किल्ल्या वाजल्या.’”

“मुद्दाम नाही गं. हात गेला.”

“हात बरोबर गेला,” ती म्हणाली आणि जुडगा त्याच्या हातात टाकला. “कपडे इस्त्री करून ठेवा.”

या वेळी टेकडीवर त्याला बशी मिळाली. अध्यक्षांनी उठून हात मिळवला. “कालव्यापलीकडचा अनुभव आहे तुमच्या गाठीशी. असाच माणूस हवा होता. आमच्या मुलींची ओळख व्हायला मात्र जरा वेळ लागेल तुम्हाला.”

“लागेल थोडा,” तो गंभीरपणे म्हणाला.

खाली मैदानावर मुली घोळका करून उभ्या होत्या. त्याने काही न बोलता जुडगा एकदा खुळखुळवला. सगळ्या एका पावलाने मागे सरल्या, आणि शेंडी तोंडावर हात दाबून हसायला लागली. त्या दिवशी तो कुणाच्याही हाताखाली नव्हता. संध्याकाळच्या उजेडात त्याची सावली मैदानभर पसरली होती, आणि त्याने तिला तसंच पसरू दिलं.

त्याच आठवड्यात दोन्ही शाळांच्या कार्यालयांतून एकेक जुना कप नाहीसा झाला. शोध घ्यावा असं कुणाला वाटलं नाही. कालव्यापलीकडे मुलाखतीत बशीसकट चहा पिऊन आलेली बायको पिशवीतून काहीतरी काढून ओट्यावर ठेवत होती; तिथे त्याचं आधीच ठेवलेलं होतं.

आईने दोन्ही कप उजेडात धरून पाहिले, धुतले आणि चहाने काठोकाठ भरून दोघांसमोर ठेवले.

“बशी मागू नका,” ती म्हणाली. “घरचेच आहात.”