पेनवालीचं राहिलेलं कौतुक

माझ्या बायकोला एक खोड होती. दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुठेही कुणी काम चांगलं केलं, की ती म्हणायची, "तुमच्या साहेबांना बोलवा." समोरच्याचा चेहरा पडायचा. साहेब शर्ट सारखा करत, भांडणाच्या तयारीनं बाहेर यायचे. मग ही सगळ्यांसमोर सांगायची, की या माणसानं माझं अमुक काम केलं आणि अशा अशा रीतीनं केलं. नुसतं "छान आहे हो तुमचा माणूस" असं ती कधी म्हणायची नाही.

"छान काय? पडद्याचं कापड आहे का तो?" ती मला सांगायची. "काय केलं ते सांगावं. नाहीतर साहेबांना वाटतं, ही ह्याच्या ओळखीतली दिसतेय."

तोवर मी बाहेर पिशव्या धरून उभा असायचो. मी बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. आमच्याकडे दुरुस्त केलेली गाडी परत आली नाही, की तेच कौतुक. तोंडानं कुणी काही बोलत नसे, आणि बोललं असतं तर आम्हालाच संशय आला असता.

"बाहेर काय उभे राहता? भांडत नव्हते मी," ती म्हणायची.

"माहितेय. भांडत असतीस तर आलो असतो की आत."

शेवटच्या वर्षी तिची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. रुग्णांच्या खाटा, चाकांच्या खुर्च्या, मशीनं भाड्यानं देणारं एक मोठं दुकान आहे, गावोगाव त्यांच्या शाखा आहेत. तिथून आम्ही मशीन आणलं, आणि वीज गेली तर असावा म्हणून एक सिलिंडरही. काउंटरवर एक तिशीतली बाई होती. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि हातानं ती दुसरंच पेन शोधत होती. हिनं तिथल्या तिथे तिचं नाव पेनवाली ठेवलं.

मशीन चालू करून दाखवताना त्याचा घरघराट ऐकून ही घाबरली. तशी ती घाबरट नव्हती, पण नळी नाकाशी आली तेव्हा तिनं माझा हात धरला. पेनवालीनं ते पाहिलं. हिचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात स्वतःचा नंबर घातला. "काकू, भीती वाटली तर मला करा. कंपनीच्या नंबरवर जरा वेळ लागतो," ती म्हणाली. हिनं तो नंबर पेनवाली म्हणूनच ठेवला.

एका दुपारी मशीन ओरडायला लागलं. लाल दिवा लागला आणि नळीतून हवा येईना. मी माझ्या फोनवरून कंपनीचा नंबर लावला. आधी एक बाई म्हणाली, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं सुरू झालं. एका हातात तो फोन धरून मी दुसऱ्या हातानं पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, कारण मला दुसरं काय येतं? हिनं तोवर स्वतःच्या फोनवरून पेनवालीला लावला होता. बोलायला दम नव्हता, म्हणून फोन नुसता माझ्याकडे केला.

"काका, मशीन उघडताय ना?" पेनवाली म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"सगळे काका उघडतात. ते खाली ठेवा. आधी काकूंना सिलिंडरवर घ्या. ती निळी चावी फिरवा. फिरवली? आता काकूंच्या ओठांकडे बघा आणि मला रंग सांगा."

मी रंग सांगितला. ती बोलत राहिली, माझ्याशी कमी आणि हिच्याशी जास्त. पाठीमागे तिच्या काउंटरवर गिऱ्हाइकं कुरकुरत होती, तेही ऐकू येत होतं. हिचा श्वास ताळ्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "काका, आता मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून परत लावा. तिरकं बसलं असेल."

तसंच होतं. आटे चुकले होते. सकाळी पाणी मीच भरलं होतं. तीस वर्षं मी हाताखालच्या लोकांना आटे चुकवू नका म्हणून ओरडलो होतो. हे सांगितल्यावर ही इतकी हसली, की पेनवाली घाबरून "काकू, काकू" करायला लागली. टेबलावर माझ्या फोनमध्ये कंपनीचं गाणं अजून चालूच होतं.

त्यानंतर ही एक महिना होती. एकदा दुपारी मी नळी पुसत होतो, तेव्हा म्हणाली, "पेनवालीचं राहिलंय हो. मला आता जिना उतरवायचा नाही. तुम्ही जा. आणि नीट सांगा. काय केलं ते सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

ती गेल्यानंतर मशीन परत करायला गेलो. पेनवालीनं मशीन पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "काकू?" मी मान हलवली. ती खाली बघून मशीनची वायर गुंडाळू लागली. गुंडाळून झाली तरी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होती.

मी म्हणालो, "तुमच्या साहेबांना बोलवा."

मॅनेजर आला. चाळिशीचा, हडकुळा, भुवयांत आठी. माझा आवाज गॅरेजमधला, तो काही खाली येत नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी सगळं सांगितलं, हिनं सांगितलं असतं तसं. निळी चावी, ओठांचा रंग, बाटलीचं झाकण. "आणि तुमच्या नंबरवर गाणं वाजत होतं," मी म्हणालो, "म्हणून या बाईनं माझ्या बायकोला स्वतःचा नंबर दिला होता. स्वतःचा! असं कोण करतं?"

रांगेतल्या एका म्हातारीनं "वा" म्हटलं. मला वाटलं, जमलं. पण पेनवाली माझ्याकडे बघत नव्हती. मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "काका, जरा आत येता?"

आत त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण इथल्या कुणीही गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, असा नियम आहे. मागे एका मुलीनं दिला होता. तो गृहस्थ तिला दिवसरात्र फोन करायला लागला, घरापर्यंत आला. तिनं नोकरी सोडली. तेव्हापासून हा नियम आहे आणि तो मीच मागून घेतलाय."

"मी कुणाला फोन करत नाही."

"तुमचं नाही म्हणत मी. पण तुम्ही चारचौघांत बोललात. आता मला वर कळवावंच लागेल. एकच विचारतो. नंबर काकूंनी मागितला, का तिनं आपणहून दिला? काकूंनी मागे लागून घेतला असेल तर तिला समज देऊन भागेल. आपणहून दिला असेल तर काउंटरवरून काढून गोदामात पाठवतील."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आठवून उद्या सांगतो," म्हणालो. आठवायचं काहीच नव्हतं.

बाहेर फुटपाथवर पेनवाली माझ्या मागून धावत आली. "काका, कसला राग होता हो माझ्यावर?"

"राग कसला? कौतुक केलं तुझं."

"झालं की मग! आता गोदामात परत आलेली मशीनं पुसत बसेन आणि कौतुक आठवेन." तिचे डोळे भरले होते, पण ते माझ्यामुळे का हिच्यामुळे, मला कळलं नाही. "सात वर्षं काउंटर केलंय मी. माणसं बघायला मिळतात म्हणून इथे टिकलेय. तिकडे एक पंखा आणि एक बाथरूम आहे, बस."

ती आत गेली. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. हातात पिशवी नव्हती, एवढाच फरक.

घरी येऊन लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, सरळ सांगा आईनं मागितला म्हणून. आईला आता कोण नोटीस देणार आहे?"

"पण तिनं नव्हता मागितला."

"आई असती तर तीच म्हणाली असती, की घाला माझ्या नावावर."

ते खरं होतं. ही नक्की तसं म्हणाली असती, वर हसलीही असती. पण ती असती आणि म्हणाली असती, ते वेगळं. ती घरात नसताना तिच्या तोंडात वाक्य घालायचं मला नको वाटत होतं. ती गेल्यापासून मी तिच्या फोनला हातही लावला नव्हता. पण त्यापायी एका बाईचं काउंटर जाणार असेल, तर माझ्या नको वाटण्याला काय किंमत? सकाळी दाढी करताना ठरवलं, हिनं मागितला असं सांगायचं. आरशात एकदा म्हणूनही पाहिलं.

दुकानात गेलो. पेनवालीनं मला पाहिलं आणि काउंटरवरूनच म्हणाली, "काका, आत जाऊन काही रचून सांगू नका. मी सकाळीच सांगितलं साहेबांना. मीच दिला, काकूंनी मागितला नव्हता."

"अगं, कशाला सांगितलंस?"

"काकू कुणाच्या मागे लागणाऱ्या होत्या का? तुम्हीच सांगा."

"नव्हती."

"मग!"

माझं आरशातलं वाक्य तसंच राहिलं. तरी केबिनमध्ये गेलो, कारण आलोच होतो. मॅनेजरसमोर एक कागद होता आणि तो नाखुशीनं त्याच्याकडे बघत होता.

"तिनं सांगितलं मला," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं, काका."

"मला एक सांगा," मी म्हणालो. "त्या दुपारी माझ्या बायकोचे ओठ निळे पडले होते. तुमचा फोन एका हातात होता. सिलिंडर लावला, मशीन चालू झालं, ती हसली, मी खाली बसलो, तरी तुमचं गाणं चालूच होतं. शेवटी मीच बंद केलं. आता ते गाणं मला पाठ आहे. भाजी चिरताना तोंडात येतं. पेनवालीनं नंबर दिला नसता, तर मी त्याच दिवशी इथे आलो असतो, आणि कौतुक करायला आलो नसतो."

त्याची आठी हलली. "पेनवाली कोण?"

मी बाहेर बोट दाखवलं. त्यानं काचेतून तिच्या अंबाड्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. लगेच ते गेलं. "फोन कुणी उचललाच नाही? याची तक्रार केलीत तुम्ही?"

"नाही. मी तक्रार करणारा माणूस नाही."

"काका, करा." तो खुर्ची पुढे ओढून घेत म्हणाला. "नीट ऐका. वर पाठवताना मला फक्त एवढंच लिहिता येतं, की हिनं नंबर दिला. का दिला, ते लिहायला माझ्याकडे जागा नाही. कौतुकाला तर आमच्याकडे रकानाच नाही. ते कुणी वाचत नाही. पण फोन उचलला नाही म्हणून रुग्ण अडचणीत आला, ही तक्रार आली, की ती सगळ्यांत वर जाते. तिच्याबरोबर मला लिहिता येतं, की अशा वेळी या बाईनं काय केलं. मग तिला गोदामात पाठवायला त्यांनाही जड जाईल."

"म्हणजे तिचं कौतुक करायला मी भांडू?"

"कडकडून भांडा."

मग मी भांडलो. तो लिहून घेत होता आणि मधून मधून म्हणत होता, "अजून थोडं रागावून सांगा." गॅरेजचा आवाज कामाला आला. बाहेर रांग गप्प झाली होती. काचेतून पेनवाली तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी आता तिला नोकरीतूनच घालवतोय. आयुष्यभर बायको कौतुक करायची आणि लोकांना वाटायचं भांडतेय. मी खरंच भांडत होतो. हे सगळं सांगायला घरी आता ही नाही, ते मला तिथे सही करताना आठवलं, आणि सही जरा वेडीवाकडी आली.

पुढच्या आठवड्यात काय झालं ते बघायला गेलो. लेक म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, गाणं नको.

पेनवाली काउंटरवरच होती. एका माणसाला कुबड्यांची उंची करून देत होती. त्याला एक फेरी मारायला लावून ती माझ्याकडे आली. "समज मिळाली," म्हणाली. "नंबर देणार नाही म्हणून लिहूनही दिलं. पण इथेच ठेवलंय. आणि काका, एक विनंती. पुढच्या वेळी कौतुक करायचं असलं, तर आधी मला विचाराल?"

"विचारीन. पण नंबर काही मी काकूच्या फोनमधून काढत नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "तो काकूंना दिलाय." आणि कुबड्यांवाल्याकडे परत गेली.

मी केबिनच्या दारावर टकटक केली. मॅनेजर जेवत होता. मला बघून त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"तुमचे साहेब कुठे बसतात?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. अगदी तसाच, जसा हिच्यासमोर सगळ्यांचा पडायचा. हात पुसत तो उठला. "का, काका? काय झालं? काही चुकलं का?"

"काही नाही. आमच्या हिची पद्धत आहे. पण या वेळी मी आधी विचारायला आलोय. त्यांना काय सांगू आणि काय नको?"

तो खाली बसला. म्हणाला, "तक्रार करायला मी सांगितलं, हे नका सांगू."

"बरं."

"रागावून बोला म्हणालो, तेही नको. आणि ते कागदावर काय लिहिलं वगैरे, ते तर नकोच."

"मग उरलं काय?"

"उरलं म्हणजे..." त्यानं डब्याकडे पाहिलं. "मॅनेजर चांगला आहे, एवढं म्हणा."

"तसं आमच्या घरी चालत नाही," मी म्हणालो आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसलो. "जेवा तुम्ही. सावकाश जेवा. आणि दुसरं काहीतरी आठवा."