इस्त्रीचा चटका आणि माझ्यातली टेप

मित्रांनो, वर्तमानपत्राची कचेरी पाहायला आलाच आहात, तर या काचेच्या कपाटापाशी घटकाभर थांबा. चकाकणाऱ्या पदकाशेजारी बसलेला, कोपरे झिजलेला जुना टेपरेकॉर्डर, तो मी. माझ्याखाली पाटी आहे, 'ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज'. ती पाटी वाचली की मला लाज वाटते.

मी कारखान्यात जन्मलो. एक कान, दोन चाकं आणि वीतभर अंग. ऐकेन तेवढं जपायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढीच माझी शिकवण. एका बातमीदाराने मला विकत घेतलं आणि त्याच्या खिशातून मी वीस वर्षं हिंडलो. पुराच्या चिखलात गेलो, खाणीच्या तोंडाशी गेलो. तेव्हा तो भला होता. समोरचं माणूस रडू लागलं की माझं बटण बंद करायचा. मग पहिलं पदक आलं, मग दुसरं, आणि त्याचं बोट त्या बटणाकडे जाईनासं झालं.

गेल्या वर्षी तो मला एका रुग्णालयाच्या धुलाईघरात घेऊन गेला. तिथे एक मावशी इस्त्री करायची. चादर आली, चादर गेली, चादरीसंगं उमर गेली. शस्त्रक्रियेच्या चादरी नुसत्या पाण्यातून काढतात, बाळंतिणी तापाने फणफणतात, असं ती हळू आवाजात सांगत होती. तेवढ्यात दाराबाहेरून मुकादम कुणावर तरी खेकसला, "साबण राहू दे गं, पिळ आणि टाक वाळत."

"ऐकलंत ना?" मावशी म्हणाली. "पण माझं नाव नको हं, दादा. घरात कमावणारी मी एकटी."

"शब्द देतो, मावशी. तुम्हाला कुणी ओळखणार नाही."

हे सगळं जसंच्या तसं माझ्यात आहे.

त्याने लेखात नाव घातलं नाही. लिहिलं काय, तर 'मनगटावर इस्त्रीचा तिकोनी चटका मिरवणारी ती बाई'. मजकूर तपासणाऱ्या ताईंनी त्यावर पेन्सिल टेकवली.

"हा चटका काढा. तिथे सगळे ओळखतील तिला."

"अगं, चटका काढला तर लेखात उरलं काय?"

लेख छापून आला. मुकादमाला शोधाशोधही करावी लागली नाही. खोटं पसरवते म्हणून मावशीला घरी बसवलं. पुढे बक्षीस समारंभात परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं. केवढी नजर आहे, म्हणाले. टाळ्या पडत होत्या आणि मी त्याच्या खिशात शिसारीने आकसत होतो.

एके दिवशी मावशी कचेरीत आली.

"कामगार न्यायालयात तक्रार केलीय, दादा. मी खोटं बोलले नाही, एवढं तुमच्या टेपला सांगू द्या."

"टेप पुसली गेली हो, मावशी. तिच्यावर दुसरी मुलाखत घेतली."

मी त्याच टेबलाच्या खणात होतो, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मुकादमाचं बोलणं माझ्यात होतं, पण बातमीदाराने मावशीला दिलेला शब्दही माझ्यात होता. तो त्याला चारचौघांत ऐकवायचा नव्हता. मावशीने टेबलावरचं पदक न्याहाळलं.

"छान आहे. पुसताना फडकं तेवढं स्वच्छ घ्या," म्हणाली आणि गेली.

मग तो दौऱ्यावर गेला. शोभेचं कपाट भरायचं म्हणून शिपायाने मला खणातून उचललं आणि इथे आणून ठेवलं, टेपसकट. परतल्यावर त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. काल त्याने ताईंकडे कपाटाची किल्ली मागितली.

"उद्या देते, आज घरी राहिलीय," त्या म्हणाल्या. म्हणजे आज देणार.

मित्रांनो, माझ्यासारखे मोडके दुसरे म्हणतील, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. मला धुळीचं काही नाही. कुणी विश्वासाने तुमच्या कानात काही सांगितलं, तर ते जपा. मावशीची सुनावणी अजून संपलेली नाही. तुम्हाला कचेरी दाखवतायत ना, त्याच या ताई. माझ्या झाकणाच्या खिडकीतून टेप दिसते, तिच्यावर त्याच्याच अक्षरात 'धुलाईघर' लिहिलंय. ताईंना विचारा, ही कुणाची टेप? मोठ्याने विचारा. तो जिना चढून येतोय.