बारीक घरांचं जाळं

परसरामनं मोहाच्या दारूचा पहिला द्रोण तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या देवाच्या दगडावर ओतला, अन् दुसरा भरून सरळ मुरारीसमोर धरला.

तलावात सालाचं पहिलं जाळं पडायच्या आधी आसगावचे ढिवर असंच करत आले. देवाचं झालं की द्रोण माणसामाणसांतून फिरते. गळ्यापर्यंत थंड्या पाण्यात उभं राहायचं असते, आंग तापलं पाहिजे. मुरारीनं द्रोण दोन्ही हातांनी घेतला. वास नाकात गेला. मंग एक थेंब न सांडवता त्यानं तो शेजारच्या टिकारामकडे सरकवला.

"देवाचा आहे गा," टिकाराम म्हणाला. "याले नाई म्हनत नसते."

"देवानं पेला ना. झालं."

कोणी हसलं नाही. हाच मुरारी पहिले दोन द्रोण पोटात गेले की पाटलाच्या म्हशीची चाल करून दाखवे, टिकारामच्या सासूच्या आवाजात साऱ्या पाळीले शिव्या घाले. जाळं ओढताना लोक हसून हसून पाण्यात बसत. भंडाऱ्याच्या केंद्रातून दारू सोडून आला, तवापासून तोंडाले जसं कुलूपच लागलं.

"एखादी नक्कल तं कर," परसराम म्हणाला. "म्हशीची कर."

मुरारी उठला. दोन पावलं तसा चालला. तिसऱ्या पावलाले त्याले आपलेच पाय दिसले, अन् तो खाली बसला. टिकाराम उगाच खोकलला. कोणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

परसराम वाईट माणूस नोहे. केंद्रात नेऊन सोडलं ते त्यानंच, आपल्या गाडीवर बसवून. बिडी विझवून तो जवळ आला.

"राग नोको मानू. तुह्या तब्येतीचं चांगलंच झालं. पन आमचा मुरारी तू तिकडंच ठेवून आला ना गा. उद्या येशील तं त्याले घेऊन ये."

दिवसभर मुरारीनं जाळं ओढलं. आपल्या वाट्याची मासोळी घेऊन एकटाच घरी आला.

घरात बोलायलेही कोणी नव्हतं. बायको ज्योत्सना पोरीले घेऊन तुमसरले भावाकडे गेली, ते अजून आली नव्हती. म्हातारी रेवताबाई अंगणात सुकत टाकलेली मासोळी चाचपून चाचपून उलटवत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात चालूच.

मुरारी खाटेवर उभा राहिला अन् माळ्यावर हात घातला. जागा त्याले पाठ होती. जुन्या जाळ्यात गुंडाळून ठेवली होती दारूची शिशी, वाजू नये म्हणून. दोनच घोट, त्यानं मनाशी ठरवलं. उद्या पाळीवर जायच्या आधी. दोन घोटांत तो मुरारी येईल, ज्याले सारे मागून राहिले.

गुंडाळी सोडता सोडता त्याचे हात थांबले. आजवर हे जाळं त्यानं फडकं म्हणूनच वापरलं होतं, तेही कापत्या हातांनी. आता हात कापत नव्हते. सुती धाग्याचं काम, धुरानं काळं पडलेलं, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं. पण घर अन् घर सारखं, गाठींमधलं एकेक भोक मापात. एक गाठ सरकलेली नाही. बापाचं जाळं, अन् आपण त्यात दारू लपवली. मुरारीची मान खाली गेली.

"काय काढून राहिला रे?" बाहेरून म्हातारी ओरडली.

"बापाचं जाळं."

"आन इकडं."

शिशी खाटेखाली सरकवून त्यानं जाळं तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. रेवताबाई घरांवरून बोटं फिरवत गेली.

"हे तुह्या बापाचं नोहे."

"मंग कोनाचं? असं काम घरात आखीन कोन करे?"

"बापाचं मधलं बोट मशीनमंदी अर्धं गेलं होतं, माहीत नाई का? घर तं विननाऱ्याच्या दोन बोटांवरच मोजतेत. त्याचं प्रत्येक घर एका बाजूनं ढिल्लं निघे. हे पाह्य, कसं बसलं आहे. घाल तुही बोटं."

मुरारीनं दोन बोटं घातली. पहिल्या पेराशीच अडकली.

"नाई जात."

"कशी जातीन? तुले मिसरूडबी नोहोती फुटली, तवाचं होय."

"माहं?"

"नाई तं काय माहं? या खांबाले दोरा बांधून दिवस दिवस बसे. हाक मारली तं ओ नाई दे. तुहा बाप म्हने, पोट्टा मुका झाला का? मी म्हनो, राहू द्या, त्याले तसंच करमते." तिनं जाळं झटकलं. "मंग पाळीवर जायले लागला, अन् बोलाले लागला."

मुरारीनं खांबाकडे पाहिलं. लय आठवून पाहिलं. काही आठवलं नाही.

"अन् ते शिशी रिकामी करून दे," म्हातारी म्हणाली. "जवसाचं तेल भरायले एक शिशी नाई घरात."

तिनं मानही वर केली नव्हती. कशी रिकामी करायची, तेही सांगितलं नाही.

मुरारी शिशी घेऊन घरामागं गेला. बूच काढून लय वेळ उभा राहिला. खायले टाकते की काय म्हणून एक कोंबडी आली, पाहून निघून गेली. तो परत आला तवा शिशीतून पाणी ठिबकत होतं. रेवताबाईनं शिशी नाकाजवळ नेली. मंग त्याची हनुवटी धरून त्याचं तोंडही नाकाजवळ ओढलं.

"पालथी घाल. वाळू दे," ती म्हणाली.

सकाळी परसरामनं रस्त्यावरूनच हाक दिली.

"मुरारी! येतं का गा?"

मुरारी खांबाजवळ घराच्या मापासाठी बांबूची पट्टी तासत बसला होता. तासायची, जुन्या जाळ्याच्या घरात घालून पाहायची, अडकली की परत तासायची.

"व्हा पुढं. येतो."

"कोनता येशील?" टिकाराम ओरडला, अन् सारे हसत पाळीकडे गेले.

पट्टी घरातून पार झाली. ना ढिली, ना घट्ट. मुरारीनं खांबाले दोरा बांधला अन् कुरतडलेला कोपरा मांडीवर ओढला.

"मुरारी, चहा थंडा होऊन राहिला रे."

त्यानं ओ दिली नाही.

रेवताबाईनं परत हाक मारली नाही.