एक काना कमी

मी एक जुना टाइपरायटर आहे आणि मित्रांनो, एका जागी गप्प बसणं माझ्या पोलादात नाही. सध्या मला एका काचेच्या कपाटात ठेवलंय. येणारे-जाणारे म्हणतात, "किती शांत दिसतो!" शांत कसला, डोंबलाचा! कुणी नुसती एक कळ दाबली तरी मी खडखडून उठेन. पण दाबतंय कोण?

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं अक्षर न् अक्षर लखलखत होतं. त्यात सगळ्यांत राबणारी कळ कान्याची. 'क'चा 'का' करायचा, बोलवा तिला. 'क'चा 'को' करायचा, मात्रेआधी पुन्हा तीच. सारखी हाणामारी सोसायची बिचारी.

माझी पहिली नोकरी एका वकिलाकडे. तिथला प्रत्येक अर्ज 'मी लिहून देतो की' असाच सुरू व्हायचा. एकदा एक बाई कारकुनाला म्हणाली, "अहो, मी 'देतो' नाही, 'देते'." कारकून हसला. "ताई, 'देतो'मध्ये 'देते' येतंच की. करा सही." तिनं केली.

पुढे वकिलांनी नवं यंत्र घेतलं आणि मी वहिनीच्या घरी आलो. दिरामुळे घरादारात तिला सगळेच वहिनी म्हणायचे, म्हणून मीही. तिच्या नवऱ्यानं मला खिडकीशी मांडलं. लोकांचे करारनामे, निबंध ती टंकून द्यायची. ते संपले की वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर स्वतःचं काहीतरी. उठायची, फोडणी देऊन यायची, अर्धं वाक्य टंकायची, पुन्हा उठून खिडकीशी जायची. पायाला भिंगरी, बोटांना मुंग्या! आमचं दोघांचं तिथेच जमलं.

पहिली गोष्ट तिनं एका साप्ताहिकाला स्वतःच्या नावानं पाठवली. ती परत आली, वर संपादकांचा शेरा: 'महिलांसाठी शेवटचं पान आहे. विणकामाचे नमुने असल्यास पाठवावेत.' वहिनी हसली. मग इतक्या तिरीमिरीत टंकायला बसली की ओळ संपल्याची घंटा वाजवून वाजवून माझा जीव अर्धा झाला. त्या दिवशी तिनं 'प्रवासी' असं टोपणनाव घेतलं आणि तिच्या गोष्टीतला 'मी' पुरुष झाला. मित्रांनो, बघा तरी गंमत. आपल्या भाषेत 'मी गेले'चं 'मी गेलो' व्हायला एक काना पुरतो! तिचं बोट मात्र त्या कळीवर दर वेळी अडखळायचं. मला कळायचं ना, माझ्याच अंगावर पडायचं ते.

त्याच साप्ताहिकात 'प्रवासी' बघता बघता गाजला. नवरा घरात मोठ्यानं वाचून दाखवायचा. "काय लिहितो हा गडी! असं लिहायला माणूस चार गावं हिंडलेला पाहिजे." सासूबाईंना वाचता येत नसे, त्या कान देऊन ऐकायच्या. आणि तो चार गावं हिंडलेला गडी मोरीत कपबश्या विसळत असायचा.

एकदा वहिनी "टाइपरायटरची रिबन घेऊन येते" म्हणून गेली ती दिवस कलताना परतली. चपलेचा अंगठा तुटलेला, रिबनचा पत्ता नाही. तशीच माझ्यापुढे बसली. गोष्टीतला 'मी' काही काम नसताना घराबाहेर पडतो, पुलावर जाऊन बसतो, त्याला घरी परतावंसं वाटत नाही आणि तरी तो परततो, एवढीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी टंकून झाली तेव्हा तिनं ती मनात वाचली आणि तोंड कडू केलं. "गडी फिरायला गेला नि परत आला. त्यात काय मेलं?" खरंच हो, त्यात काहीच नव्हतं!

त्यातून माझ्या कान्याचा दांडा सैल झालेला. कधी कागदाला टेकायचा, पण बहुतेकदा हवेतल्या हवेत हात हलवून परत यायचा. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली होती. वहिनीनं पेनानं वर घाईघाईत लिहिलं, 'काना उमटत नाही, हवा तिथे जोडून घ्यावा,' आणि पाकीट चिकटवून पळाली.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं सांगितलं तसंच केलं. जिथे शब्द लंगडत होता तिथे काना जोडला. 'पडले', 'बसले', 'हसले' हे शब्द तर आपल्या पायांवर धडधाकट उभे होते. त्यांना कशाला कुबडी द्यायची?

अंक आला. नवरा नेहमीसारखा वाचायला बसला. "'कुणालाही न सांगता मी घराबाहेर पडले...' पडले? 'पुलावर बसले. चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा हसले...'" तो थांबला. दाराशी वहिनीची चप्पल होती, अंगठ्याला पिन लावलेली. मग पुढची ओळ बघून त्यानं हळूच विचारलं, "परतावंसं वाटत नव्हतं?"

"नव्हतं वाटत," वहिनी म्हणाली. "पण आले ना."

तेवढ्यात सासूबाई खेकसल्या, "थांबलास का रे? बाईनं लिहिलंय ना? मग पहिल्यापासून वाच."

आठवड्याभरात खुद्द संपादक दारात हजर. बगलेत पत्रांचा गठ्ठा, कपाळावर घाम. नवऱ्याला बघून म्हणाले, "प्रवासी आपणच ना? फार घोटाळा झालाय हो! 'पडलो'चं 'पडले' छापलं गेलं. बायकांची पत्रांवर पत्रं, 'आमच्या मनातलं लिहिलंत' म्हणून! पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो, आणि तुमचं दर आठवड्याचं सदर नक्की. फक्त बाईचं लिखाण निघालं तर मालक सदर देणार नाहीत, बरं का!"

नुसती मान हलवली असती तर सदर घरात होतं. नवऱ्यानं वहिनीकडे पाहिलं. "मी नाही हो प्रवासी," तो म्हणाला. "मी नुसता वाचून दाखवतो. बसा, चहा टाकतो."

वहिनी पुढे आली. तिनं हात माझ्यावर टेकवले. "दुरुस्ती छापू नका. 'पडले' बरोबर आहे. त्याआधीचे सगळे 'लो' चुकीचे होते."

सदर गेलं. वहिनी रडली, चिडली, चार दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मग संपादक ठेवून गेलेला तो पत्रांचा गठ्ठा सोडून बसली. एकीनं लिहिलं होतं, 'मीही निघाले होते, पण कोपऱ्यावरूनच परतले. वाटायचं, असं वाटणारी मी एकटीच.' वहिनीनं कागद सरळ केला आणि वर पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव टंकलं. तिचं सदर निघायला पुढे कितीतरी वर्षं लागली. पण निघालं, आणि शेवटच्या पानावर नाही.

माझा काना पुढे दुरुस्त झाला. आता तोही गंजलाय. तेव्हा मित्रांनो, जमलं तर मला दोन थेंब तेल घाला. मला अजून खूप टंकायचंय, इथे नुसतं बसून जीव जातो माझा. ते नाहीच जमलं, तर एवढं करा. तुमच्या घरात आई, ताई, आजी, कुणीही लिहायला बसली, तर तिच्या 'ले'पुढे आपला काना जोडू नका.